पिकअप घेतली म्हणजे ॲव्हरेजवर बोलायचा हक्क संपतो का?

खेपवाला

परवा दुसऱ्या एका चर्चेत पिकअपचं ॲव्हरेज वाढवण्याबद्दल विचारलं तर पहिलंच उत्तर आलं, ज्याला ॲव्हरेज पाहिजे त्याने पिकअप घ्यायचीच कशाला. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वेगळा धागाच काढतोय. माझं म्हणणं उलट आहे, ॲव्हरेजची खरी गरज पिकअपवाल्यालाच आहे, छोट्या कारवाल्याला त्यामानाने फार कमी.

आकडे घेऊनच बोलू. वर्षाला २०,००० किलोमीटर धरा. कार लिटरला २० देत होती ती २५ द्यायला लागली तर १००० लिटरच्या जागी ८०० लागेल, म्हणजे २०० लिटर वाचलं. आता भरलेली पिकअप ५ देत होती ती फक्त ६ वर आली, फक्त एक किलोमीटर वाढला, तर ४००० लिटरवरून साधारण ३३३३ वर येते, म्हणजे ६६७ लिटर वाचलं. पाच किलोमीटर वाढून २०० आणि एक किलोमीटर वाढून ६६७. तेवढंच तेल त्या कारवाल्याला वाचवायचं असेल तर त्याची गाडी लिटरला ६० च्या घरात जायला लागेल, आणि तशी साधी पेट्रोल कार कुठे मिळते ते मला कोणी सांगावं. किलोमीटर पर लिटर हा आकडाच फसवा आहे, १०० किलोमीटरला किती लिटर लागलं असं मोजलं की लगेच चित्र स्पष्ट होतं, बऱ्याच देशांत तसंच मोजतात.

आणि आपल्याकडे ॲव्हरेज हा एकच आकडा नसतोच. रिकामी किती देते, हौदा भरून किती देते, मागे ट्रेलर लावला की किती, चढाला किती, सगळं वेगळं. खेपेचं भाडं ठरवताना यातला कुठला आकडा धरायचा हे ज्याला कळलं नाही त्याला महिनाअखेर हातात काय राहिलं तेही कळत नाही.

सरळवाट

हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. तुम्ही ४००० वरून ३३३३ वर आलात आणि तो कारवाला १००० वरून ८०० वर आला, तरी तुम्ही त्याच्या चौपट जाळताय. खरी बचत गाडी घेताना होते, शोरूममध्ये तीन टनाची गाडी पसंत केली तिथेच निम्म्याहून जास्त निर्णय झाला, नंतर टायरची हवा बघून आणि ॲक्सिलरेटर जपून दाबून जे मिळतं ते किरकोळ.

माल वाहणाऱ्याबद्दल मी बोलतच नाहीये. पण रस्त्यावरच्या पिकअप बघा, किती जणांच्या हौद्यात खरंच काही असतं? अमेरिकेत फोर्डच्या पिकअपची एफ सिरीज १९७७ पासून सलग सर्वात जास्त खपणारा ट्रक आहे. हे सगळे घेणारे सुतार आणि शेतकरी आहेत असं कोण म्हणेल? बहुतेकांना ती घरची गाडी म्हणून हवी असते, त्यांनी ॲव्हरेजची काळजी करण्यापेक्षा छोटी गाडी घ्यावी आणि वर्षातून दोनदा सोफा हलवायचा असेल तर टेम्पो भाड्याने करावा.

पाटा_आणि_ग्रीस

मी गॅरेजवाला आहे त्यामुळे माझं मत दोघांपेक्षा वेगळं. ॲव्हरेजच्या मागे लागून कंपन्यांनी पिकअपची इंजिनं नाजूक करून ठेवली आहेत. आधी मोठं साधं इंजिन असायचं, तेल प्यायचं पण वर्षानुवर्षं चालायचं आणि रस्त्याच्या कडेला पाना घेऊन दुरुस्त व्हायचं. आता छोट्या इंजिनाला दोन टर्बो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सिस्टीम, त्यात चालता चालता काही सिलिंडर बंद करायचे आणि परत चालू करायचे, त्यासाठी आतले लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे छोटे भाग, वेगळे, ऑइल पातळ, आणि ते ऑइल वेळेवर बदललं नाही की टकटक आवाज सुरू. एकदा लिफ्टर अडकला की कॅमशाफ्टवर, म्हणजे त्या लिफ्टरला हलवणाऱ्या दांड्यावर, चरा पडतो, मग इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्याकडे अशी गाडी येते तेव्हा मालकाने दोनतीन वर्षांत तेलात वाचवलेलं सगळं त्या एका कामात जातं. मला विचाराल तर पिकअपला ताकद आणि टिकाऊपणा आधी, ॲव्हरेज नंतर.

खेपवाला

@सरळवाट, जो रिकामी फिरवतो त्याच्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण त्याच्यामुळे जो भरून नेतो त्याला गप्प बसवू नका. माल नेणाऱ्याचं ॲव्हरेज टनावर बघायला पाहिजे. एक टन माल घेऊन पिकअप ८ देत असेल आणि तोच माल कारने न्यायचा म्हटलं तर दोनशे-दोनशे किलोच्या पाच खेपा, वर पाच वेळा रिकामं परत येणं. २० देणारी कार १०० किलोमीटरला ५ लिटर घेते, पाच खेपा जाऊनयेऊन ५० लिटर. पिकअप जाताना साडेबारा आणि रिकामी परत येताना समजा दहा, म्हणजे साडेबावीस. आता सांगा कोण जास्त जाळतंय.

@पाटा दादा, तुमच्या अनुभवाला तोड नाही पण साधं इंजिन आणि वाईट ॲव्हरेज हे एकत्रच आलं पाहिजे असं कुठे आहे? फोर्डने एफ सिरीजमधल्या २०१५ च्या एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियम मिश्रधातूची केली, काही मॉडेलचं वजन ३०० किलोच्या वर कमी झालं. यात इंजिनला हात लावायचीही गरज नव्हती. वजन कमी करणं, हवेला कमी अडवणं, गिअर वाढवणं, यातलं काही इंजिन नाजूक करत नाही.

पाटा_आणि_ग्रीस

बॉडी हलकी झाली हे खरं, पण तिला डेंट गेला की काढायला हत्यारं वेगळी, लोखंडाच्या कामाची जागा वेगळी ठेवायला लागते कारण लोखंडाचा कण ॲल्युमिनियमवर बसला की गंज धरतो. म्हणजे खर्च संपला नाही, फक्त पंपावरून गॅरेजात आला. आणि वाचलेलं वजन कंपनीने मालाची क्षमता वाढवायला पण वापरलं, जाहिरातीत तेच आधी सांगितलं. त्यांना माहिती आहे ना गिऱ्हाईक काय बघतं ते.

वेग_वारा

गाडी कुठली घ्यावी यावर वाद चालू द्या, पण ज्याच्या दारात आता पिकअप उभी आहे त्याच्यासाठी लिहितो. सरळवाट यांनी चालवण्याच्या सवयी किरकोळ म्हटल्या, ते मला अजिबात पटलं नाही. पिकअप म्हणजे समोरून भिंत, त्यात वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दुप्पट होतो. कारलाही होतो पण तिचं तोंड लहान आणि उतरतं असतं. हायवेला ११० ऐवजी ९० धरलं तर पिकअपमध्ये जो फरक पडतो तो कुठल्याही नव्या टेक्नॉलॉजीपेक्षा कमी नाही, आणि एक पैसा लागत नाही.

दुसरं, मागचा फाळका. अजूनही लोक फाळका उघडा टाकून चालवतात, का तर म्हणे हवा अडत नाही. उलट आहे ते. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन तिथेच फिरत राहतो आणि केबिनवरून येणारी हवा त्याच्या वरून सरळ निघून जाते, फाळका उघडलात की तो भोवरा मोडतो आणि मागे ओढ वाढते. हौद्यावर ताडपत्री ताणून बांधली किंवा पक्कं कव्हर बसवलं तर अजून थोडा फायदा, पण ताडपत्री ढिली असेल आणि फडफडत असेल तर ती नसलेली बरी.

टायरचं म्हणाल तर हवा १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी झाली की साधारण ०.२ टक्के इंधन जास्त लागतं. ऐकायला काहीच नाही पण लोड उतरवल्यावर, चढवल्यावर हवा न बघणारे लोक १०-१० पीएसआय कमीवर फिरतात, वर टायरच्या कडा घासतात तो खर्च वेगळा. आणि माल भरेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय, मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला एक ते दोन लिटर पितं. एवढं केलंत तरी खेपवाला म्हणतात तो ५ चा ६ होतो.

सरळवाट

सवयी चांगल्या आहेत, नाही कोण म्हणतंय. पण गाड्या मुळात एवढ्या मोठ्या का झाल्या ते पण बघा. १९७३ च्या तेल संकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून कंपन्यांना सरासरी ॲव्हरेजचं बंधन घातलं, पण कारला एक नियम आणि हलक्या ट्रकला दुसरा, सैल. हेतू हाच की शेतकरी आणि कामगार अडचणीत येऊ नये. पुढे नियम चाकांमधल्या जागेच्या आकारावर ठरायला लागला, गाडी जितकी लांबरुंद तितकं तिचं लक्ष्य सोपं. मग लहान पिकअप बनवण्यात कंपनीला काय रस उरणार? त्यात ८,५०० पौंडांच्या वर, म्हणजे साधारण ३,८५० किलोच्या वर एकूण कमाल वजन (गाडी आणि माल मिळून) असलेल्या पिकअपला तिथे काचेवर ॲव्हरेजचं लेबल लावायचंही बंधन नाही. म्हणजे सर्वात जास्त तेल जाळणाऱ्या गाडीच्या गिऱ्हाइकालाच आकडा दाखवायचा नाही. मालकाला ॲव्हरेजची एवढी काळजी असती तर त्याने हे खपवून घेतलं नसतं.

खेपवाला

लेबल नसतं म्हणूनच तर तो मालक वही ठेवतो! टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरायचं, आणि शेजारी लिहायचं की या वेळी लोड काय होता. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा जरा गोडच दाखवतो, वहीतला खरा असतो. हे काळजी नसलेल्या माणसाचं काम आहे का?

आणि काळजी नसते म्हणता तर २००८ आठवा. कच्चं तेल जुलैमध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं, त्याच्या आधीच मे महिन्यात अमेरिकेत होंडा सिव्हिक विक्रीत पहिली आली आणि एफ सिरीज पार पाचव्यावर घसरली. लोकांना तेलाचा भाव दिसला तसं त्यांनी पिकअप घेणं थांबवलं. तेलाचा भाव आपल्या हातात नसतो, ॲव्हरेज बरंचसं असतं, भाडं एकदा ठरलं की मधल्या काळात भाव वाढला तर तो फरक मालकाच्या खिशातूनच जातो.

सरळवाट

आणि भाव उतरल्यावर तेच लोक परत पिकअपकडे वळले, ते पण लिहा ना. काळजी भावाची होती, इंधनाची नव्हती. डिझेलच्या एका लिटरमागे २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो भाव बघून कमीजास्त होत नाही.

खेपवाला

असू दे की भावाची काळजी. मी जे ६६७ लिटर म्हटलं ते डिझेल असेल तर तुमच्याच हिशोबाने १८०० किलो कार्बन डायऑक्साइड कमी. माणसाने ते पैशासाठी वाचवलं म्हणून हवेला काही कमी फायदा झाला का?

लांबचा_पल्ला

पैसा आणि धूर दोन्हीवर बोलून झालं, पण माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा राहिलाच, गाडी एका टाकीत किती लांब जाते. मी आडरानातल्या साइटवर सामान नेतो, मागे ट्रेलर. १०० लिटरची टाकी आणि रिकामी १० देत असेल तर कागदावर १००० किलोमीटर होतात, पण ट्रेलर लावला की ॲव्हरेज निम्म्यावर येऊ शकतं, समोरून वारा असेल आणि चढ असेल तर काटा डोळ्यांदेखत खाली येतो. मग पुढचा पंप कुठे आहे यावर रस्ता ठरवावा लागतो. अशा वेळी लिटरमागे एक किलोमीटर जास्त मिळाला तर शंभर किलोमीटर हातात जास्त राहतात, ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे.

इलेक्ट्रिक पिकअपला हाच प्रश्न आणखी मोठा होऊन येतो. ओढायची ताकद भरपूर, त्यात वादच नाही, पण जड ट्रेलर लावला की रेंज जवळपास निम्मी होते, आणि बऱ्याच चार्जरच्या जागा अशा की ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत शिरतच नाही. म्हणजे तिथेही किलोमीटरमागे किती ऊर्जा लागते हाच प्रश्न, फक्त मोजायचं लिटरऐवजी युनिटमध्ये.

नवीन_हौदा

मी घ्यायच्या तयारीत आहे, चर्चा वाचून फार उपयोग झाला. एक विचारू का? एकाच मॉडेलला मागच्या ॲक्सलचे ३.३१ आणि ३.७३ असे दोन रेशो आहेत (चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा). सेल्समन म्हणतो ३.३१ घ्या, ॲव्हरेज चांगलं. आठवड्यातून बऱ्याचदा ट्रेलर ओढायचा आहे. काय घेऊ?

पाटा_आणि_ग्रीस

३.७३ घ्या, विचार करू नका. ३.३१ मध्ये रिकाम्या हायवेला इंजिन कमी फिरतं म्हणून कागदावर बरं दिसतं. मागे वजन आलं की ती गाडी सारखी गिअर खाली टाकते, वर घेते, परत खाली टाकते, गिअरबॉक्सचं ऑइल तापतं आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत राहता.

खेपवाला

इथे मी पाटा दादांशी पूर्ण सहमत, आणि ते सुद्धा ॲव्हरेजसाठीच. लोडवर दोन्हीचा फरक फार कमी उरतो, आणि तुमचे बरेचसे किलोमीटर लोडवरच होणार. सेल्समनला सांगा, ट्रेलर लावून टेस्ट ड्राइव्ह देत असाल तर बोलू. रिकामी पळवून दाखवलेला आकडा तुमच्या कामाचा नाही.

सरळवाट

आणि आठवड्यातून बऱ्याचदा म्हणजे नक्की किती वजन, ते पण लिहा. ७०० किलोच्या आत असेल तर मधल्या आकाराची पिकअपही आरामात ओढेल, ती बघितलीत का?

नवीन_हौदा

ट्रेलरसकट दीड टनाच्या वर. मधली बघितली, तिच्या हौद्यात माझे पाइप बसत नाहीत.

सरळवाट

मग मोठीच घ्या. ३.७३ सह.