अनुभव जास्त तर ब्रेक जास्त?? एमटेक प्रोजेक्टसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ट्रान्सपोर्टवाले किंवा स्टॅटवाले कुणी असाल तर प्लीज बघा, पार अडकलोय.

ड्रायव्हरचं वय, अनुभव, स्वभाव यावरून तो गाडी कशी चालवतो याचं मॉडेल करायचंय. चाळीसेक जण जमवले, निम्मे ठाण्यातले कॅबवाले, निम्मे नेरुळ-वाशीचे ऑफिसवाले. मोबाईलच्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरून कचकन ब्रेक किती वेळा मारला ते मोजलं, आणि डीबीक्यू (ड्रायव्हर बिहेवियर क्वेश्चनेअर) भरून घेतला, म्हणजे तो १९९० चा मँचेस्टरवाला प्रश्नसंच, ज्यात मुद्दाम नियम मोडणं वेगळं, चूक वेगळी आणि नुसतं लक्ष नसणं वेगळं धरतात. सिग्नल तोडता का विचारलं की सगळे 'कधीच नाही', आणि तीन हात नाक्याला मी मागच्या सीटवर बसलेलो हो!

तर लिनिअर रिग्रेशन लावलं, म्हणजे आकड्यांमधून सरळ रेषा बसवली, अनुभव जितका जास्त तितके ब्रेक जास्त आले. सर म्हणतात साइन (अधिक-उणे) चुकलंय. नाही चुकलं, तीनदा बघितलं. वय पण मॉडेलमध्ये टाकलं की अनुभवाचा आकडा कुठच्या कुठे जातो. मला वाटतं ब्रेक ठाण्याचा घोडबंदर रोड मारायला लावतोय, मेट्रोचं काम, ट्रेलर, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा... ऑफिसवाल्यांच्या नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला एवढं कुठे असतं. मग माणूस आणि रस्ता वेगळे कसे काढू? रँडम इफेक्टने (प्रत्येक ड्रायव्हरचा स्वतःचा फरक मॉडेलमध्ये धरून) होईल का?

प्रतिसाद: ब्रेकची संख्या आहे ना, मग लिनिअर कशाला, निगेटिव्ह बायनॉमियल (खूप पसरलेल्या मोजणीसाठीचं मॉडेल) घे आणि किलोमीटरचा लॉग ऑफसेट म्हणून टाक, म्हणजे दर किलोमीटरमागे ब्रेक किती ते कळेल. एकाच माणसाच्या ट्रिपा एकमेकींसारख्या असणारच, म्हणून ड्रायव्हरला रँडम इंटरसेप्ट दे, म्हणजे प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी धर. वयाऐवजी लायसन्स काढलं तेव्हाचं वय घेऊन बघ, अनुभवाशी कमी गुंतेल. पण खरी गोम वेगळीच आहे, कॅबवाले फक्त घोडबंदरला आणि ऑफिसवाले फक्त पाम बीचला असतील तर कुठलंच मॉडेल ते सोडवणार नाही. थोड्या जणांना एकमेकांच्या रस्त्यावर पाठव.

धागाकर्ता: बापरे, म्हणजे परत डेटा! सबमिशन डोक्यावर आलंय. एक कॅबवाले दादा पाम बीचला यायला तयार आहेत, गॅस मी भरायचा म्हणे. पण ते रात्री अकरानंतरच मोकळे असतात, चालेल?

प्रतिसाद: अजिबात नाही. घोडबंदरची ट्रिप ज्या वेळेची आहे त्याच वेळेला ने, नाहीतर आता रस्त्याऐवजी घड्याळ मध्ये येईल. आणि एका दादाने भागणार नाही, पाच-सहा तरी गाठ.