पडीक शेत, उठलेलं गाव, खाणीचा ढिगारा: हात लावायचा की नाही?

पळसपान: नागपूर जिल्ह्यात रिठी, म्हणजे ओस पडलेली गावं आधीच बरीच, त्यात अभयारण्यांतून हलवलेल्या गावांची भर पडते आहे. गाव उठलं की लगेच वृक्षारोपणाचा प्रस्ताव तयार! माझं मत स्पष्ट आहे: हात लावू नका. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा पळस आणि तेंदू नांगर थांबण्याचीच वाट बघत असतात. त्यांच्या मुळांना फुटवे येतात आणि ते शेतात शिरतात. बोर, बाभूळ, हिवर यांचं बी जनावरं आणि पाखरं आणून टाकतात. बाभूळ-हिवर नत्र धरतात, त्यांच्या आडोशाला पुढची झाडं तगतात. तुम्ही सागाची रोपं लावली की निंदणीत हेच फुटवे छाटले जातात. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड या हलवलेल्या गावांच्या शेतांवर आज गवताळ कुरणं आहेत.

काळीमाती: पूर्ण असहमत. कुरण नुसतं सोडून टिकत नाही, त्यामागे दरवर्षीची मेहनत असते. मोकळ्या शेतात पळसाआधी कोण येतं? तरोटा, रानतुळस, घाणेरी. हिरवा तरोटा चितळ खात नाही, गवत मात्र खातं. म्हणजे चराई वाढली की तरोट्याचंच फावतं. तो फुलण्याआधी, भर पावसात माती ओली असताना मुळासकट उपटायचा. शेंग धरल्यावर उपटून तिथेच टाकला तर आपणच पेरणी केली असं समजा, कारण बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

घाणेरीत तर हमखास चूक होते. मजूर कोयत्यानं वरून कापतात आणि बुंध्यातून दुप्पट फांद्या फुटतात. कुदळीनं जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. फळं धरण्याआधीच हे उरकायचं, नाहीतर ओढून नेताना बी सगळीकडे सांडतं. पुढची किमान दोन वर्षं कोवळी रोपं वेचायची. आणि जागा उघडी ठेवायची नाही; मारवेल, पवन्या या गवतांचं स्थानिक बी पहिल्या पावसाआधी टाकायचं.

पळसपान: घाणेरीबद्दल मान्य. तरोटा मात्र वर्षायू आहे, त्याला ऊन लागतं. सावली दाट झाली की तो आपोआप मागे हटतो. त्यासाठी दरवर्षी मजूर लावणं मला पटत नाही.

काळीमाती: सावली म्हणजे जंगल. तिथे कुरण हवं असेल तर? चितळ-गव्यांना गवत लागतं आणि वाघाला ते लागतात. आधी काय हवं ते ठरवा.

डंपकाठ: तुमचा वाद माती असलेल्या जागेचा आहे. उमरेडचा कोळसा पट्टा, मनसर-गुमगावचा मँगनीज पट्टा बघा. तिथल्या ढिगाऱ्यात खोलवरून काढलेला मुरूम आणि दगड असतो. ना बी, ना मुळं, ना जिवाणू. तिथे ‘सोडून द्या’ म्हणजे पावसात घळी पडू द्या आणि गाळ नाल्यात जाऊ द्या. आधी उतार सुमारे २८ अंशांपर्यंत आणायचा, टप्पे पाडायचे, पाण्याला नाली द्यायची. वरची माती खाणकामाआधीच वेगळी काढून ठेवलेली असावी, तीही बुटक्या ढिगात. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि मातीतला जीव मरतो. माती नसेल तर साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांवरची बुरशी यांची जोड द्यावी लागते. गुमगावच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं हेच केलं.

पळसपान: पण ढिगाऱ्यावर सुबाभूळ आपणहून येतेच की.

डंपकाठ: येते, आणि दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. खाली तिचीच रोपं इतकी दाट होतात की गवतही धरत नाही.

काळीमाती: एका गोष्टीवर तरी तिघांचं एकमत व्हावं: उठलेल्या गावातल्या विहिरी. झुडपं वाढली की काठ दिसत नाही आणि जनावर आत पडतं. गाव हललं त्याच उन्हाळ्यात कठडा बांधा किंवा विहीर बुजवा.

पळसपान: हो, तिथे हात लावा.