उन्हाळ्यात व्हेनिसला निवांत राहिलात? अनुभव लिहा

युरोपच्या सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. सेंट मार्कचा चौक, रिआल्टोचा पूल, फोटो आणि परत बस. आम्ही जूनमध्ये तिथे आठ दिवस राहिलो. पहिले दोन दिवस यादी घेऊन पळालो. तिसऱ्या दिवशी यादी बॅगेत टाकली, आणि तिथून खरी सुट्टी सुरू झाली. तुमच्यापैकी कोणी असा मुक्काम ठोकला असेल तर सविस्तर लिहा. कुठे बसलात, काय पाहत राहिलात, काय नडलं, सगळं वाचायला आवडेल. सुरुवात मी करते, खाली तुमचे अनुभव येऊ द्या.

आमच्याबरोबर आई-बाबा होते आणि आईचे गुडघे दुखरे. या शहरात चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. पहिल्याच दिवशी बॅगा उचलून तीन पूल चढलो-उतरलो, तेव्हा आई रडकुंडीला आली. तोडगा सापडला तो १ नंबरच्या वापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसमध्ये. ही बोट ग्रँड कॅनॉलवर जवळजवळ प्रत्येक थांबा घेत जाते, त्यामुळे पावणेचार किलोमीटरच्या कालव्याला पाऊण तास तरी लागतो. सुटं तिकीट ९.५० युरोचं आणि ७५ मिनिटं चालणारं, म्हणून आम्ही आठवड्याचा पास काढला. रोज संध्याकाळी प्याझाले रोमाला जाऊन थांबायचो. बोट तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळायची. नऊ वाजेपर्यंत उजेड. बाबांना काठावरच्या वाड्यांपेक्षा त्यांच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आवडल्या. ओहोटीला शेवाळलेल्या दोन-तीन पायऱ्या उघड्या पडायच्या, भरतीला बुडायच्या. "आज एक पायरी जास्त दिसतेय," असं ते रोज सांगायचे. पाचव्या दिवशी आई म्हणाली, आज कुठे उतरायलाच नको. मग लिडो बेटावर फक्त बोट बदलली आणि तसेच परत आलो.

* * *

मी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, त्यामुळे माझं सगळं लक्ष विहिरींकडे. तिथे चौकाला कांपो म्हणतात. कित्येक कांपोंच्या मधोमध नक्षीदार दगडी कठडा दिसतो, वर लोखंडी झाकण. पण ही आपल्यासारखी झऱ्यांची विहीर नव्हे. चहूकडे खारं पाणी, मग गोडं आणणार कुठून? त्यासाठी अख्खा चौक खणायचे, तळाला आणि कडेला चिकणमाती थापायचे, आत वाळू भरायचे आणि मध्ये विटांचं गोल बांधून काढायचे. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकांच्या दगडांतून वाळूत उतरायचं आणि गाळून त्या गोलात साठायचं. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं. तोवर शहराची तहान मुख्यतः यावर भागत होती.

एका कांपोत मी बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर ओतलं. धार क्षणभर थांबली, मग सांध्यासांध्यातून वळत त्या भोकांच्या दगडाकडे गेली. फुटबॉल खेळणारी दोन मुलं खेळ थांबवून माझ्याशेजारी उकिडवी बसली. भाषा येत नव्हती, पण पुढची बाटली त्यांनी ओतली. त्या एका चौकात मी तीन दुपारी घालवल्या आणि मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

* * *

छोटीशी सूचना. तिथे घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसतात. शहराचे सहा सेस्तिएरे, म्हणजे विभाग, आणि नंबर विभागभर पळत जातात. कास्तेल्लोत तर ते सहा हजारांच्याही पुढे आहेत. घरमालकाकडून जवळच्या पुलाचं किंवा चर्चचं नाव आधी घेऊन ठेवा.

* * *

जुलैत जाणार असाल तर रेदेंतोरेचा उत्सव चुकवू नका. तिसऱ्या रविवारच्या आदल्या रात्री असतो. १५७५ ते १५७७ च्या प्लेगमध्ये शहराने नवस केला होता, त्या नवसाचं चर्च वास्तुकार पल्लादिओच्या आराखड्यानुसार जुदेक्का बेटावर उभं राहिलं. उत्सवापुरता तिथपर्यंत तरंगता पूल टाकतात. एरवी बोटीनेच जावं लागतं, तिथे त्या दिवशी चालत जायचं! आमची सहा वर्षांची लेक पुलाच्या मध्यावर थांबून पायाखालचं पाणी बघत राहिली, हलेचना.

काठावर लोकांनी घरची टेबलं मांडली होती. शेजारच्या आजींनी न विचारताच लेकीच्या हातात कलिंगडाची फोड ठेवली. साडेअकराच्या सुमाराला आतषबाजी सुरू झाली, पाण्यात ती दुप्पट दिसत होती. लेक आजींच्या मांडीवर झोपून गेली आणि त्या शेवटपर्यंत तशाच बसून राहिल्या. हे लिहितानाही गळा दाटतोय.

* * *

उन्हाळ्यात डास भरपूर, मलम न्या. ओहोटीला छोट्या कालव्यांना वास येतो, खिडकी घेताना हे लक्षात असू द्या. सार्वजनिक नळांचं पाणी पिण्यायोग्य आहे. २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. मुक्काम करणाऱ्यांना ते नाही, पण सूट आधी नोंदवावी लागते.

* * *

मी एकटी गेले होते. दोर्सोदुरो विभागात सान त्रोवासोला गोंडोला दुरुस्त करायचं जुनं आवार आहे, त्याला स्क्वेरो म्हणतात. कालव्याच्या समोरच्या काठावरून सगळं दिसतं. गोंडोला दोन्ही बाजूंना सारखी नसते. डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद असते, कारण नावाडी एकटा, एकाच वल्ह्याने उजवीकडून वल्हवतो आणि नाव सरळ जायला हवी. हे मी आधी वाचलं होतं. पण तिथे एक गोंडोला पालथी घातलेली होती आणि तिची ती कमान उघड्या डोळ्यांनी दिसली, केळ्यासारखी. कारागीर तळ खरवडत होता. मी सलग चार सकाळी गेले. चौथ्या दिवशी तळाला रंग लागला होता.

गोंडोलाच्या सफरीला अर्ध्या तासाचे ९० युरो, ते मला परवडणारे नव्हते. पण ग्रँड कॅनॉल ओलांडायला त्राघेत्तो असते, तीही गोंडोलाच, दोन नावाडी, भाडं २ युरो. मासळीबाजाराजवळ त्यात चढले. बाजारहाट करून आलेल्या बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, म्हणून मीही उभी राहिले. दोन मिनिटांत पलीकडचा काठ आला. उतरले, पाय थरथरत होते. वळून पुन्हा २ युरो काढले आणि त्याच नावेने परत आले.