आतला गाभा घन, बाहेरचा द्रव: मग पृथ्वीचं चुंबकत्व येतं कुठून?

फळाखडू:
नववीला गाभा शिकवताना गाडं दोन ठिकाणी अडतं. केंद्राकडे जावं तसं तापमान वाढतं, मग बाहेरचा गाभा द्रव आणि त्याहून तापलेला आतला गाभा घन कसा? दुसरं, लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर चुंबकत्व सोडतं, गाभा तर हजारो अंशांचा. शिवाय ‘एस लहरी (भूकंपाच्या, खडक आडवा हलवणाऱ्या लहरी) गाभ्यातून जात नाहीत’ हे मुलांना भूकंपाच्या खऱ्या नोंदीवर दाखवता येईल का?

कातळरेघ:
एकटं तापमान पाहू नका, त्या खोलीवरचा द्रवणांकही शेजारी ठेवा. जमिनीवरच्या साध्या दाबाला लोखंड 1538 अंशांना वितळतं. प्रावरण (गाभ्यावरचा खडकाचा जाड थर) संपतं त्या 2,890 किमी खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे 13 लाख पट आहे, 5,150 किमीवर 32 लाख पट. खाली जाताना तापमान चढतं, पण दाबामुळे द्रवणांक त्याहून झपाट्याने चढतो. फळ्यावर दोन्हींच्या रेघा काढा. 5,150 किमीवर त्या एकमेकींना छेदतात, आणि तिथून आत 1,220 किमी त्रिज्येचा घन गोळा.

गाभा म्हणजे शुद्ध लोखंड, असं मात्र सांगू नका. निकेल आहेच, शिवाय बाहेरच्या गाभ्याची घनता लोखंडाच्या मानाने कमी भरते, म्हणजे हलकी मूलद्रव्यं मिसळलेली आहेत (गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन यांची नावं पुढे येतात). भेसळीने द्रवणांक उतरतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात ते आठवून द्या, मुलांना लगेच पटतं.

होकायंत्र:
पृथ्वीच्या पोटात चुंबकपट्टी दाखवणारं चित्र आधी पुसा, सगळा घोटाळा तिथे आहे. गाभा हा चुंबक नाही, जनित्र आहे. बाहेरच्या गाभ्यातलं लोखंड पाण्यासारखं पातळ आणि विजेचं वाहक. आतला गाभा वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. गोठताना सुप्त उष्णता सुटते, हलकी मूलद्रव्यं द्रवातच राहून वर चढतात आणि द्रव ढवळला जातो. पृथ्वीच्या परिवलनामुळे या प्रवाहांना पीळ बसतो. असलेल्या चुंबकीय क्षेत्रातून वाहक फिरला की विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तोच प्रवाह क्षेत्राला टिकवून धरतो. ढवळणं थांबलं तर काही दहा हजार वर्षांत क्षेत्र विरून जाईल.

लहरवाचक:
नोंद दाखवायची तर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा 6.5 च्या वरचा भूकंप निवडा. पुण्यापासून तो साधारण 108 अंशांवर (पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन) पडतो, म्हणजे छायाक्षेत्रात, जिथे थेट लहरी पोचत नाहीत. छाया 104 अंशांच्या आसपास सुरू होते, आणि थेट पी लहरीच्या (दाबाची लहर, ती द्रवातूनही जाते) जागी गाभ्याच्या कडेने वळून आलेली क्षीण थरथर उरते. ठळक दिसते ती साधारण 19 मिनिटांनी येणारी, वाटेत भूपृष्ठावरून एकदा परावर्तित झालेली पी लहर.

मुलं फसतात ती इथे: 25 मिनिटांच्या सुमारास एस लहरीसारखा जोरदार धक्का दिसतो आणि ती म्हणतात, ‘सर, एस आली की!’ ती थेट एस नाही. प्रावरणातून एस म्हणून निघाली, द्रव गाभ्यात पी झाली, बाहेर पडताना पुन्हा एस झाली. गाभा द्रव असल्याचा हा पुरावाच आहे. म्हणून ‘एस लहरी गाभ्यापलीकडे पोचत नाहीत’ असं न म्हणता ‘एस म्हणून द्रवातून जात नाहीत’ म्हणा.

न्यूझीलंडचंच नाव घेण्याला आणखी एक कारण आहे. 17 जून 1929 च्या तिथल्या मर्चिसन भूकंपात छायाक्षेत्रात नको तिथे पी लहरी उमटल्या. इंगे लेहमान या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी 1936 मध्ये त्यांचा अर्थ लावला: आत आणखी एक गाभा आहे.

होकायंत्र:
सहल काढणार असाल तर अलिबागची चुंबकीय वेधशाळा पाहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये ती कुलाब्याहून तिकडे हलवली. बांधकामाला पोरबंदरचा वालुकाश्म वापरला, कारण आपला काळा कातळ स्वतःच चुंबकीय आहे. थिजताना त्याने 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि महाबळेश्वर भागात खालच्या थरांत ती आजच्या उलट सापडते.