वाळूजहून चाकणला जायचंय: क्वालिटी इंजिनिअरने ऑनलाइन नोकरी नेमकी कशी शोधावी?

मायक्रॉन (प्रश्न)

डिप्लोमा मेकॅनिकल, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या मशिनिंग युनिटमध्ये क्वालिटीत ४ वर्षं. पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेण्याची कागदपत्रं), सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशिन), गेज आर अँड आर (मोजमापात गेज आणि माणसामुळे किती फरक पडतो याची चाचणी), कस्टमर कम्प्लेंटचे ८डी (तक्रारीचं मूळ शोधायचे आठ टप्पे) ही कामं रोजची. पुण्याकडे चाकण, भोसरी किंवा रांजणगावला जायचं आहे. नोटीस ६० दिवसांची.

नोकरी डॉट कॉमवर दीड महिन्यात १४० अर्ज टाकले. फोन आले ३, त्यातले २ विमा विकण्याच्या नोकरीचे. लिंक्डइनवर खातं आहे, पण तिथे करायचं काय ते उमगत नाही. शिवाय सध्याच्या कंपनीला कळता कामा नये. व्हॉट्सॲपवरच्या 'चाकण जॉब्स' छाप ग्रुपांवर किती विसंबावं, हेही सांगा.

भरती_पिंपरी

आधी १४० चा आकडा बाजूला ठेवा. भरती करणारा माणूस आलेले सगळे अर्ज वाचत बसत नाही. तो पोर्टलच्या डेटाबेसमध्ये शब्द टाकून स्वतः शोधतो आणि चाळण्या लावतो: अनुभव ३ ते ६ वर्षं, शहर, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च), नोटीस, आणि गेल्या काही दिवसांत खातं चालू होतं का. तुम्ही या चाळणीतून वर येता की गळता, हा खरा प्रश्न.

'क्वालिटी इंजिनिअर' एवढंच लिहिलं तर तुम्ही तीन वेगळ्या धंद्यांच्या गर्दीत सापडता. सॉफ्टवेअर टेस्टिंगवालेही स्वतःला क्यूए (क्वालिटी ॲश्युरन्स) म्हणवतात आणि औषध कंपन्यांतलेही. म्हणून मथळ्यातच धंदा दिसू द्या: 'क्वालिटी इंजिनिअर, मशिन्ड ऑटो कंपोनंट्स, पीपॅप, एमएसए, एसपीसी, सीएमएम, ४ वर्षं'. हे अर्थात इंग्रजीत. (एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीची तपासणी, एसपीसी म्हणजे आकडेवारीवरून प्रक्रियेवर नजर.) आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) चं अंतर्गत ऑडिटर प्रमाणपत्र असेल तर तेही तिथेच, नसेल तर नुसतं स्टँडर्डचं नाव मथळ्यात मिरवू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही कुठेतरी येऊ द्या. शोधणारा एमएसए टाकेल की मेजरमेंट सिस्टिम अॅनालिसिस, हे आपल्या हातात नसतं.

गळती होते ती मुख्यतः तीन रकान्यांत. 'पसंतीचं ठिकाण' मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही हवेत, नाहीतर सध्याच्या शहरावरूनच तुम्ही बाहेर पडता. तुमच्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, तेव्हा रेझ्युमेत छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद दोन्ही एकदा तरी लिहा. दुसरा रकाना सीटीसीचा. हातात येणारा पगार गुणिले १२ म्हणजे सीटीसी नव्हे; पीएफमधला कंपनीचा वाटा, बोनस, ग्रॅच्युइटी धरून ऑफर लेटरवरचा आकडा टाका. कमी टाकलात तर पुढची ऑफर त्याच कमी आकड्यावर टक्के चढवून येते. तिसरा रकाना विभागाचा. तो मोकळा किंवा ढोबळ ठेवला की विम्याचे फोन सुरू होतात.

दर आठवड्याला प्रोफाइलमध्ये एखादा खरा बदल करून सेव्ह करा. अलीकडे हात लागलेली प्रोफाइल्स शोधात वर राहतात.

आता रेझ्युमे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमच्या सुंदर टेम्प्लेटमध्ये डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसलेली दिसेल, हेडरमधला फोन नंबर गायब असेल, तक्ता विस्कटलेला असेल. नोटपॅडमध्ये जे दिसतं तेच साधारण रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही दिसतं. एका कॉलमचा, दोन पानांचा वर्डमधला रेझ्युमे पुरतो.

मजकुराचं एक उदाहरण देतो. 'इन-प्रोसेस इन्स्पेक्शन व डॉक्युमेंटेशन केले' ही ओळ शंभर जणांकडे असते. त्याऐवजी: '१२ पार्ट नंबरांचं पीपॅप लेव्हल ३ सबमिशन, बोअर गेजची आर अँड आर २४ वरून ९ टक्क्यांवर'. आकडे अर्थातच तुमचे, खरे. वाचणारा क्वालिटी मॅनेजर ही ओळ पाहून थांबतो, कारण १० च्या खाली म्हणजे मान्य, १० ते ३० म्हणजे अटींवर, ३० च्या वर म्हणजे नापास, हे त्याला पाठ असतं. पुढचा प्रश्न तो हाच विचारेल: कमी कशी केलीत? फिक्स्चर बदललं, ऑपरेटरला शिकवलं की गेजच बदलला? उत्तर तयार ठेवा.

सप्लायर_क्वालिटी

लिंक्डइनबद्दल लिहितो, वरचा मजकूर तिथेही लागू आहेच. मथळ्याला तिथे २२० अक्षरांची जागा मिळते, ती 'सध्या अमुक कंपनीत' यावर वाया घालवू नका.

लिंक्डइनचा खरा उपयोग अर्जाच्या बटणात नाही, माणूस शोधण्यात आहे. हव्या त्या कंपन्यांची २५-३० नावांची यादी करा. प्रत्येकीच्या पेजवर 'पीपल' मध्ये जाऊन 'क्वालिटी' शब्द टाका, ठिकाण पुणे निवडा. मग तुमच्या पॉलिटेक्निकचं पेज उघडून माजी विद्यार्थ्यांत तोच शोध घ्या. एकाच कॉलेजचा माणूस उत्तर देण्याची शक्यता बरीच जास्त. एचआरपेक्षा क्वालिटीतला असिस्टंट मॅनेजर किंवा सप्लायर क्वालिटीचा इंजिनिअर गाठा. जागा रिकामी होणार हे त्याला जाहिरातीच्या आधी कळतं.

मोफत खात्यावर महिन्याला ओळख जोडण्याच्या मोजक्याच विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते, आणि तीही २०० अक्षरांची. देवनागरीत काना-मात्राही मोजली जाते, म्हणून आटोपशीर लिहा. मराठी माणसाला मराठीत लिहायला हरकत नाही:

'नमस्कार सर, वाळूजला मशिनिंग पार्ट्सच्या क्वालिटीत ४ वर्षं काम करतो आहे, पीपॅप आणि सीएमएम हाताळतो. चाकण प्लांटमधली सप्लायर क्वालिटीची जागा पाहिली. ती तुमच्या विभागातली आहे का?'

हे २०० मध्ये बसतं. शेवटी हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न आहे, म्हणून उत्तर येतं. 'काही ओपनिंग असेल तर कृपया कळवा' याला उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्यालाच काम लागतं. पहिल्याच निरोपात रेझ्युमे चिकटवू नका. आठवडाभरात उत्तर नाही तर एकदाच आठवण करा, मग सोडा.

जाहिराती पाहताना 'गेले २४ तास' ही चाळणी लावा. कॉम्प्युटरवर त्या पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) ८६४०० हा आकडा दिसतो. ते २४ तासांचे सेकंद. तिथे ७२०० करून एंटर मारलं की गेल्या दोन तासांतल्या जाहिराती येतात. अर्जांचा ढीग साचायच्या आत आपला अर्ज पोचतो.

मायक्रॉन

दोघांचेही आभार. नोटपॅडची चाचणी लगेच केली, फोन नंबर खरंच गायब आहे. गुप्ततेचं काय करू? आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून 'थेट कंपनीत इंटरव्ह्यू, १,५०० रुपये रजिस्ट्रेशन' असा निरोप आला आहे.

जुना_हात

१,५०० अजिबात भरू नका. गुप्ततेचं आधी सांगतो.

लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' दोन प्रकारे लावता येतं. फोटोभोवतीचं हिरवं वर्तुळ सगळ्या जगाला दिसतं, ते नको. 'फक्त रिक्रूटर' निवडा. तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, हमी देत नाही. त्यासाठीसुद्धा सध्याची कंपनी यादीतून निवडलेली हवी, हाताने टाइप केलेली नको. प्रोफाइल बदलण्याआधी 'बदल नेटवर्कला कळवा' हे बंद करा, नाहीतर नवा मथळा साहेबांच्या फीडमध्ये दिसायचा. नोकरी डॉट कॉमवर कंपनी ब्लॉक करण्याची सोय आहे, ती वापरा. पण तुमच्याच कंपनीसाठी माणसं शोधणारा कन्सल्टंट त्यात अडत नाही, म्हणून रेझ्युमेत कंपनीचे आतले तपशील भरू नका.

दुसरी गोष्ट क्वालिटीवाल्यांनी जास्त सांभाळायची. काम दाखवायच्या हौसेने कंट्रोल प्लॅनचा स्क्रीनशॉट, ड्रॉइंग, सीएमएम रिपोर्ट किंवा शॉप फ्लोअरचा फोटो कुठेही टाकू नका. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये (माहितीच्या चौकटीत) कस्टमरचं नाव आणि पार्ट नंबर असतो. तो गोपनीयतेचा भंग आहे, आणि नवा मॅनेजर ते पाहून 'हा उद्या आमचीही ड्रॉइंग टाकेल' असंच म्हणेल.

एक सापळा कोणी सांगत नाही. एकाच जागेसाठी कन्सल्टंटने तुमचा रेझ्युमे आधी पाठवला असेल आणि मग मित्राने आतून रेफरल (शिफारस) टाकलं, तर सिस्टिम 'उमेदवार आधीच नोंदलेला' म्हणून रेफरल फेकते. पुष्कळ कंपन्यांत ही नोंद काही महिने तशीच राहते. कन्सल्टंटला स्पष्ट सांगा: कंपनीचं नाव कळवल्याशिवाय आणि माझा होकार आल्याशिवाय रेझ्युमे पाठवायचा नाही. कुणी कुठे पाठवला, त्याची तारखेसह एक्सेल ठेवा.

पडताळणी

त्या १,५०० बद्दल. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, गणवेश, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, कुठल्याही नावाने नाही. पैसे मागितले की संवाद तिथेच थांबवा.

पैसे न मागणारे निरोपही तपासा. ऑफर लेटरवर सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) असतो, २१ अक्षर-अंकांचा, आणि तो वाचता येतो. पहिलं अक्षर एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, यू म्हणजे नसलेली. मग ५ अंक उद्योगाचे, २ अक्षरं राज्याची, ४ अंक नोंदणीच्या सालाचे, मग प्रायव्हेट लिमिटेड असेल तर पीटीसी, शेवटी ६ अंकी क्रमांक. लेटरहेडवर 'गेली २५ वर्षं' आणि सीआयएनमध्ये २०२३ असेल तर विचारा. भागीदारी किंवा मालकीच्या छोट्या युनिटला सीआयएन नसतो. तिथे जीएसटी क्रमांक घ्या, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर नाव, पत्ता, नोंदणीची तारीख फुकट पाहता येते. मात्र ठग खऱ्या कंपनीचा क्रमांकही उचलतात. म्हणून शेवटी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन शोधून एचआरला विचाराच. निरोपातला नंबर त्यासाठी वापरू नका.

आधार, पॅन, बँक पासबुक हे ऑफर हातात आल्यावरच. कुणाचे पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका. वॉक-इनची तारीख आणि गेट नंबर तिथे लवकर कळतो. मात्र त्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटदाराच्या रोलवर असतात, तेव्हा 'ऑन रोल की ऑफ रोल' हा प्रश्न फोनवरच विचारा.

भरती_पिंपरी

एक राहिलं. सरकारी पोर्टल्स, म्हणजे केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम्, दोन्हीकडे नोंदणी मोफत आहे. तुमच्या अनुभवाच्या जागा तिथे कमी सापडतील, रोजगार मेळाव्यांच्या तारखा मात्र मिळतात.

आणि आज रात्रीच ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची व सोडण्याची तारीख पाहा. त्याच तारखा रेझ्युमे, नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर हव्यात. पार्श्वभूमी तपासणीत याच नोंदी मिळवून पाहतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात. ६० दिवसांची नोटीस सुरू झाल्यावर ते उघड झालं, तर दुरुस्त करायला वेळ उरत नाही.