कमी बजेटमध्ये ओव्हरक्लॉकिंगसाठी कुठला प्रोसेसर घ्यावा?

खानदेशी_गडी: नमस्कार मंडळी. घरचा चौथ्या पिढीचा आय३ आता पार दमलाय, व्हिडिओ एडिट करायला घेतला की चहा पिऊन आलो तरी एक्सपोर्ट तिथंच. ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६५० आहे ते तसंच ठेवणार, रॅम मोठा भाऊ देतोय, डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर एवढंच २५ हजारांच्या आत बसवायचंय. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरचा क्लॉक (वेग) कंपनीने ठरवल्यापेक्षा वर नेणं, मला मनापासून शिकायचंय. दुकानदार म्हणतो आय३ १२१००एफ घे आणि सावकाश क्लॉक वाढवत जा, मित्र म्हणतो एएमडीचा रायझन. शिवाय मी जळगावचा, मे महिन्यात खोलीत काय भट्टी असते ते सांगायला नको. काय करू?

जुना_बोर्ड: भावा, दुकानदाराचं ऐकू नकोस. १२१००एफ चांगलाच प्रोसेसर आहे, पण त्याचा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) लॉक आहे, क्लॉक वाढवणार कसा? इंटेलमध्ये त्यासाठी नावात के हवा आणि बोर्ड झेड चिपसेटचा हवा, तिथंच तुझं बजेट संपलं. एक काळ होता, २०१४ मध्ये पेंटियम जी३२५८ आला होता, दोनच कोर पण अनलॉक, आम्ही पोरं रात्र रात्र ३.२ गिगाहर्ट्झवरून वर चढवत बसायचो. पुढं २०१७ ला आय३ ७३५०के आला, पण दहाव्या पिढीपासून के वाला आय३ निघालाच नाही. स्वस्तात शिकायचं असेल तर आता एएमडीच. रायझन ५ ५६०० घे, ६ कोर १२ थ्रेड, अनलॉक आहे. फक्त बोर्ड ए३२० किंवा ए५२० घेऊ नकोस, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५० किंवा बी५५० च घे.

पुणेरी_पंखा: जुना_बोर्डशी सहमत, पण बोर्ड घेताना अजून एक बघ. सॉकेटच्या शेजारी व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग असतो, त्यावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आहे का ते डोळ्यांनी बघून घे. मी पैसे वाचवायला उघड्या व्हीआरएमचा बोर्ड घेतला होता, रेंडर लावला की दहा-पंधरा मिनिटांत क्लॉक धपकन खाली यायचा, आणि मी आठवडाभर प्रोसेसरलाच दोष देत बसलो, शेवटी व्हीआरएमच्या मागच्या बाजूला बोट लावलं तर चटका बसला.

आणि जळगावच्या उन्हाचं म्हणशील तर कूलर कितीही भारी लावलास तरी तो खोलीतलीच हवा फिरवतो, खोली ४२ अंशांवर असेल तर चिप त्याच्या खाली येणार नाही, आणि ५६०० ची कमाल तापमान मर्यादा ९० अंश आहे. म्हणून सगळ्या कोरना एकच क्लॉक आणि जास्त व्होल्टेज ठोकून देण्याच्या फंदात पडू नको. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या मेनूत) पीबीओ, म्हणजे चिपला स्वतःच क्लॉक वाढवू देणारं सेटिंग चालू कर, आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, जिथं प्रत्येक कोरचं व्होल्टेज कमी करता येतं, निगेटिव्ह १० पासून सुरुवात करून हळूहळू २० कडे जा. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी झाली की चिप स्वतःच बूस्टवर जास्त वेळ टिकते. बॉक्समधला कूलर मात्र काढून ठेव, साधा टॉवर कूलर लाव.

खानदेशी_गडी: दादा, निगेटिव्ह २० वर सिनेबेंच (प्रोसेसरची चाचणी घेणारं सॉफ्टवेअर) पास झालं की सेट म्हणायचं का? आणि ५५०० घेऊन हजार-दोन हजार वाचवले तर चालेल का?

पुणेरी_पंखा: नाही रे, तिथंच सगळे फसतात. सिनेबेंच तासभर पास होतं आणि नंतर यूट्यूब बघताना मशीन फटकन रिस्टार्ट होतं, कारण हलक्या लोडवर एकच कोर वरच्या क्लॉकला जातो आणि तिथं व्होल्टेज कमी पडतं. म्हणून कोरसायकलर रात्रभर लाव, ते एकेक कोर वेगळा तपासतं. जो कोर नापास होईल त्याचाच निगेटिव्ह आकडा थोडा शून्याकडे आण, बाकीचे तसेच ठेव.

जुना_बोर्ड: ५५०० चा एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) १६ एमबी आहे आणि ५६०० चा ३२, गेममध्ये तो फरक दिसतो. जमलं तर ५६०० च घे. आणि रॅम लावल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग) चालू केलं का ते बघ, नाहीतर ३२०० ची रॅम महिनोन् महिने २१३३ किंवा २४०० वर धावत राहते आणि माणसाला पत्ता नसतो. ती जमली की रॅम ३६०० आणि फॅब्रिक (चिपच्या आतले भाग जोडणारी वाट) १८०० करून बघ, डीडीआरचा खरा क्लॉक आकड्याच्या निम्मा असतो, म्हणून दोन्ही एकास एक चालतात, स्टिक साथ देईल तेवढंच.

खानदेशी_गडी: लय भारी, ठरलं मग, ५६०० आणि बी५५०. आणि चुकीचं सेटिंग टाकलं आणि स्क्रीनच आली नाही तर?

जुना_बोर्ड: घाबरू नको. पॉवर काढ, मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये क्लिअर सीमॉसच्या दोन पिना कुठं आहेत ते बघून त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक पाच-दहा सेकंद लावून धर, बायोस परत मूळ सेटिंगवर येतं. पिना सापडल्या नाहीत तर गोल सेल थोडा वेळ काढून ठेव. आणि बी४५० च मिळाला तर दुकानातून निघायच्या आधी बायोस अपडेट करून घे, जुन्या बायोसवर ५६०० ओळखलाच जात नाही.