अनुभव धागा: बारा शीटांची बेरीज आणि आपली फजिती

उद्यमबागवाला (धागाकर्ता)

बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. एकाच एक्सेल फाइलमध्ये एप्रिल ते मार्च अशी बारा शीटं, प्रत्येकात पन्नासेक कामगारांचा पगार, आणि तेरावं शीट 'वार्षिक'. तिथं प्रत्येकाच्या नावापुढं एकच सूत्र: =सम(एप्रिल:मार्च!एच६). एप्रिलपासून मार्चपर्यंत मधे जी जी शीटं उभी आहेत, त्या सगळ्यांतला एच६ हा खण घे आणि बेरीज कर, एवढाच त्याचा अर्थ. बारा वेळा अधिकचं चिन्ह मारत बसायला नको. (सूत्रं इथं देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये इंग्रजीतच टाका.)

एका वर्षी मार्चचं काम चाललेलं. सारखं उजवीकडं सरकायचा कंटाळा आला, म्हणून मार्चचं शीट ओढून एप्रिलच्याही पुढं आणून ठेवलं. काम झालं, ते परत जागेवर न्यायचं राहिलं. दिवाळीत बोनस काढला. ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. भट्टीवरचा एक कामगार खिशातली डायरी घेऊन केबिनमध्ये आला. "सर, लेक्का तप्प आगेत्री." (हिशेब चुकलाय.) महिना बारा हजारांप्रमाणं त्याचे ११,९९५ व्हायला हवे होते, माझ्या कागदावर १०,९९६. मी आधी त्यालाच समजावत बसलो, तुझंच कुठंतरी चुकलंय म्हणून. अजून आठवलं की लाज वाटते.

मग सूत्रावर क्लिक केलं तर तिथं एप्रिल:फेब्रुवारी! मी असं कधी लिहिलंच नव्हतं. टोकाचं शीट दुसऱ्या टोकाच्या पलीकडं नेलं की एक्सेल आपल्या मनानं टोक बदलतं आणि उरलेल्यांची बेरीज गुपचूप दाखवतं. एरर नाही, काही नाही. पन्नास जणांचा मार्च गायब.

आता एप्रिलच्या आधी 'आरंभ' आणि मार्चच्या नंतर 'अखेर' अशी दोन कोरी शीटं ठेवलीत. सूत्र आरंभ:अखेर. 'वार्षिक' त्यांच्या बाहेर. महिन्यांची शीटं आत कशीही हलवा, फरक पडत नाही.

तुमचंही सांगा. फसलेलं आधी.

खानापूरची बाई

मराठी शाळा, खानापूर तालुका. आमच्याकडं वर्षात सहा मूल्यमापनं: एफए१, एफए२, एसए१, मग एफए३, एफए४, एसए२ (एफए म्हणजे चाचण्या, एसए म्हणजे सहामाही परीक्षा). प्रत्येकाचं शीट वेगळं, मुलांची नावं अक्षरानुक्रमे, 'एकूण' शीटवर तुमच्यासारखंच सूत्र.

दिवाळीनंतर एक मुलगी नवीन आली. तिचं नाव नवव्या ओळीत बसत होतं. मी एफए३ पासून पुढच्या तीन शीटांत आणि 'एकूण'मध्ये तिची ओळ घातली. आधीच्या तीन शीटांत नाही घातली, तेव्हा ती शाळेत नव्हतीच की! आणि तिथंच माती खाल्ली. सूत्राला मुलं ओळखता येत नाहीत, त्याला फक्त ओळ नंबर कळतो. त्यामुळं नवव्या ओळीपासून खालच्या प्रत्येक मुलाला दुसऱ्या सहामाहीचे गुण स्वतःचे आणि पहिल्या सहामाहीचे त्याच्या खालच्याचे. नव्या मुलीला तर शाळेत यायच्या आधीचेही गुण मिळाले. वर्गातली पहिली येणारी पोरगी सहावी गेली, तेव्हा तिची आई शाळेत आली आणि मग उलगडा झाला.

पुढची कथा याच्यापेक्षा वाईट. एका सरांनी युक्ती सांगितली: पहिल्या शीटच्या नावावर क्लिक कर, शिफ्ट धरून शेवटच्यावर क्लिक कर, सगळी एकदम निवडली जातात. आता एक ओळ घातली की सहाही शीटांत पडते. पडली! मी इतकी खूश, की गट सोडायचं विसरून लगेच एसए२ चे गणिताचे गुण भरायला बसले. सगळ्या मुलांचे. ते सहाही शीटांत उतरले, जुन्या गुणांच्या उरावर. वर फाइलच्या नावाशेजारी 'ग्रुप' असं बारीक लिहिलेलं असतं, पण तिकडं कोण बघतंय. सेव्ह करून, बंद करून, डबा खाऊन आल्यावर कळलं. कागदी रजिस्टर होतं म्हणून वाचले.

गल्लीतला खजिनदार

बाई, तुमचं चुकलं तरी निदान ते आकडे तरी होते. आमच्या मंडळाची गणपतीची वर्गणी: पाच गल्ल्या, पाच शीटं, पाच पोरं भरणारी. बेरीज आली ती पेटीतल्या रकमेपेक्षा बरीच कमी. पेटीत जास्त पैसे सापडले की लोक खजिनदाराकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघतात, हे तेव्हा कळलं.

एका पोरानं सगळी रक्कम पावतीबुकात लिहितात तशी भरलेली: ५०१/-, १००१/-. ती रेघ आणि डॅश लागला की एक्सेलच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर. आणि सम मजकूर वगळून पुढं जातं, तक्रार करत नाही. ओळखायची खूण: आकडा खणात उजवीकडं चिकटतो, मजकूर डावीकडं. शोधा-बदला मध्ये /- टाकलं, बदल्यात काहीच नाही, आणि सगळे आकडे उडी मारून उजवीकडं गेले. तो क्षण लई भारी होता.

तरी पाचशे एक जास्त येत होते. मधे 'नमुना' नावाचं लपवलेलं शीट निघालं, पोरांना शिकवायला मीच केलेलं. शीट लपवलं तरी दोन टोकांच्या मधे असेल तर बेरजेत येतंच.

शहापूरचा माग

आमचा साड्यांचा होलसेल. गावागणिक एक शीट, आणि पहिल्या पानावर गावांची यादी. यादीतलं नाव वाचून त्या शीटमधली बाकी आणायची, म्हणून इनडायरेक्ट वापरलेलं: =इनडायरेक्ट("'"&ए२&"'!एफ४०"). नवीन गाव जोडलं, सूत्र खाली ओढलं, झालं.

१ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नावं बदलली. बेळगावचं बेळगावी, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुरा. बिलांवर नवी नावं पाहिजेत म्हणून धाकट्या भावानं सगळ्या शीटांची नावंही बदलून टाकली. जिथं साधं सूत्र होतं तिथं एक्सेलनं स्वतःच नवं नाव घेतलं. इनडायरेक्टमधलं नाव मात्र त्याच्या दृष्टीनं नुसती अक्षरं, यादीत अजून जुनीच. सगळीकडं #रेफ! ही एरर. अप्पा म्हणाले, "नाव बदललं म्हणून उधारी बुडाली होय रे?" आमच्या घरात अजून बेळगावच म्हणतात, फक्त यादीत बेळगावी लिहिलंय.

लोटसच्या काळातला

बँकेतून निवृत्त. बाळांनो, शीटावर शीट रचून आरपार बेरीज मारणं एक्सेलमध्ये ही सोय यायच्या आधीचं आहे. १९८९ ला लोटस १-२-३ या तेव्हाच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची तिसरी आवृत्ती आली, तीत ही सोय होती. त्याआधी लोटसच्या एका फाइलीत एकच शीट. आम्ही शाखांचे आकडे छापून घ्यायचो आणि कॅल्क्युलेटरवर दोघं जण मोठ्यानं वाचत जुळवायचो. एक वाचणार, एक टिक करणार. चुका कमी व्हायच्या असं नाही, पण लगेच कळायच्या.

निपाणीची ताई

बचत गटाचा हिशेब मोबाइलवर, गूगल शीट्समध्ये. इथलं एप्रिल:मार्च वालं सूत्र तिथं टाकून बघितलं, एररच. शेवटी कळलं की गूगलमध्ये ही सोयच नाही. एप्रिल!बी५ अधिक मे!बी५ असं बारा वेळा लिहिलंय. चालतंय.

एकच शीटवाला

टिळकवाडीत टॅक्सचं काम करतो, रोज अशा फाइली येतात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. महिन्याला एक शीट हाच मूळ रोग. सगळं एका शीटमध्ये खाली खाली लिहा, एक रकाना महिन्याचा ठेवा, आणि समइफ (अट जुळेल तेवढ्यांचीच बेरीज) किंवा पिव्हट (आपोआप गोषवारा) लावा. ताई, गूगलमध्येही हेच चालेल, बारा अधिक नकोत.

बाई, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. आरपार बेरजेत समइफ चालत नाही, त्यामुळं 'नाव बघून बेरीज कर' असं त्या सूत्राला सांगता येत नाही. पण डेटा मेनूत कन्सॉलिडेट आहे. सहाही शीटांचे भाग द्या, 'डावा रकाना' वर टिक करा. मग ओळीचा क्रम काहीही असो, नाव जुळवून बेरीज होते.

उद्यमबागवाला

एकच शीट मलाही पटतं हो. पण मालकाला दर महिन्याचा छापील कागद सहीला लागतो, आणि तो छापायला वेगळं शीटच सोपं पडतं. मालकाला पिव्हट समजावून सांगायला तुम्ही या, चहा आमच्याकडं.

चिकोडीकर

छोटीशी शंका. आमच्या जुन्या फाइलीत खणांतलं कन्नड नुडी फॉन्टमध्ये नीट दिसतंय, पण तेच नाव शीटला दिलं की खाली इंग्रजी अक्षरांचा खिचडा. मराठी श्रीलिपीतही तेच.

एकच शीटवाला

शीटच्या नावाला फॉन्ट लावता येत नाही, म्हणून. युनिकोडमध्ये टाइप करा. नावात जागा असेल तर सूत्रात एकेरी अवतरण लागतं, आणि ३१ अक्षरांच्या वर नाव जात नाही.

खानापूरची बाई

कन्सॉलिडेट करून बघितलं आत्ता. मुलं अडतीस आणि ती नवीन, एकोणचाळीस. नावं आली बेचाळीस. एकाच्या नावापुढं एक जागा जास्त पडलीय, एकाचं ऱ्हस्व-दीर्घ दोन तऱ्हेनं, आणि एकीचं आडनाव एफए२ मध्ये वडिलांच्या नावाआधी. रजिस्टर काढून बसलेय.